आवाज काढून टाकावा

गेल्या दिवाळीपासून जिल्ह्याच्या मेंदू रुग्णालयात डोक्याचा स्कॅन कादंबरीच्या रूपात येतो. पूर्वी तो काळ्या फिल्मवर यायचा. डॉक्टर ती फिल्म खिडकीकडे धरायचे, ‘हं’ म्हणायचे आणि औषध लिहून द्यायचे. आता माणसाला यंत्रात आडवं घालतात, अर्धा तास ठकठक होते आणि पलीकडच्या खोलीत छापील पानं पडू लागतात. कुणाची शंभर, कुणाची आठशे. हिप्पोकॅम्पस म्हणतात त्या भागातून जुन्या आठवणी येतात, कानशिलामागच्या टेंपोरल लोबमधून आवाज आणि संवाद, कपाळामागून बेत आणि बहाणे. लहान मेंदू नुसत्या तळटीपा देतो.

अडचण एकच झाली. डॉक्टर मंडळींना कादंबरी वाचता येईना. त्यांनी शेवटची कादंबरी बारावीला वाचलेली, तीही गाईडमधून. गाठ कुठल्या प्रकरणात आहे, रक्त कुठल्या परिच्छेदात साकळलंय, काही उमगेना. शेवटी शासनाने निर्णय काढला आणि मराठीच्या सेवानिवृत्त प्राध्यापकांना ‘वाङ्मयीन निदान अधिकारी’ म्हणून नेमलं. आमच्या जिल्ह्यात ही जागा प्रा. त्र्यंबक हुपरीकरांना मिळाली. ती दुसऱ्या कुणाला मिळाली असती तर त्यांनी त्याला जगू दिलं नसतं.

हुपरीकर सर चाळीस वर्षं रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची परीक्षणं लिहीत होते. त्यांच्या परीक्षणाने तीन कवींनी कविता सोडली होती आणि एकाने गाव. पुस्तक वाचायची त्यांची रीत ठरलेली होती. पहिली वीस पानं, शेवटची दहा आणि मधलं कुठलंही एक. शितावरून भाताची परीक्षा, असं ते म्हणत. अख्खा भात चिवडत बसणारा माणूस त्यांच्या मते समीक्षक नव्हे, जावई. हीच रीत त्यांनी रुग्णालयात नेली आणि खोटं कशाला बोला, ती चाललीही. एका दूध संघाच्या चेअरमनचा मेंदू अकरा पानांत आटोपला, अकराही पानं भाषणं. सरांनी ‘निरोगी’ असा शेरा दिला. एका कंडक्टरच्या कादंबरीत मधलं पान उघडलं तर ते कोरंच निघालं. नेमकी तिथेच गुठळी सापडली, माणूस वाचला. तेव्हापासून डॉक्टर तांबोळी बाई सरांचा शेरा बघत आणि कादंबरी न उघडताच उपचार सुरू करत.

पेशंटचं नाव सरांना कळत नसे. परीक्षेच्या पेपरासारखं वर झाकण चिकटवलेलं असायचं आणि त्यावर सांकेतिक क्रमांक. आतही ओळख पटायची सोय नव्हती, कारण मनातल्या मनात कुणी स्वतःला नावाने हाक मारत नाही. सगळ्या कादंबऱ्या ‘मी’ने सुरू होतात.

बावीसशे सतरा क्रमांकाची कादंबरी एका सोमवारी आली. सहाशे चौदा पानं. पहिल्या वीस पानांत साखर कारखान्याजवळचं एक गाव होतं, मळीचा वास होता, झाडावर चढणारी एक मुलगी होती. मधलं पान उघडलं तर त्यात नुसती डाळ निवडणं चाललेलं. शेवटच्या दहा पानांत एक म्हातारी होत चाललेली बाई स्वयंपाकघरात एकटी होती. तिला पलीकडच्या खोलीतून एक आवाज ऐकू यायचा. ‘चहा.’ ‘चष्मा कुठाय?’ ‘दार लाव, धूळ येते.’ ‘गाढवाने हे वाक्य कसं लिहिलंय बघ.’ दहा पानांत आवाज एकतीस वेळा आला आणि एकदाही त्याला चेहरा आला नाही.

सर खूश झाले. अशी स्वच्छ केस रोज मिळत नाही. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात अहवाल लिहिला. ‘लेखिकेची शैली बरी आहे, मात्र पलीकडच्या खोलीतला आवाज कलाकृतीस मारक ठरतो. या आवाजाला देह नाही. तो प्रश्न विचारतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. असे पात्र वास्तववादी कादंबरीत टिकत नाही, सबब हा आवाज खऱ्या माणसाचा नसावा. निदान : श्रवणभ्रम. शिफारस : आवाज काढून टाकावा. कादंबरीचे काहीही बिघडणार नाही.’ खाली सही, तारीख, शिक्का.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलंही, “आज एका बाईच्या डोक्यातलं भूत काढलं.” हेमलताबाई भाकरी थापत होत्या. “बरं,” त्या म्हणाल्या.

हेमलताबाईंना दिवाळीच्या आगेमागे चक्कर येत होती. ‘दाखवून ये,’ असं सर म्हणाले होते. पुढे ती कुठे गेली, कुणाला दाखवलं, काय निघालं, हे विचारायचं राहून गेलं. त्या सोमवारनंतर ती दर मंगळवारी दुपारी रिक्षा करून कुठेतरी जायची. सरांना वाटलं, भजनी मंडळ असेल.

तिसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी सरांनी सकाळी हाक दिली, “चहा.” चहा आला नाही. पुन्हा हाक दिली. तिसऱ्या हाकेला ते चिडून स्वयंपाकघरात गेले. त्या घरात राहायला आल्यापासून ते तिथे चौथ्यांदाच जात असतील. हेमलताबाई खिडकीशी बसून एकट्याच चहा पीत होत्या आणि गुणगुणत होत्या. “कानात बोळे घातलेत काय?” सर ओरडले. तिने बशी विसळली, त्यांच्या कडेने निघून गेली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावरची धूळ पुसली. पुसता पुसता तिने त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला, पुन्हा पुसलं आणि हात होता तिथे ठेवून दिला.

दुपारी तिने एकटीपुरती भाकरी केली. संध्याकाळी बाहेर जाताना सर आत असताना बाहेरून कुलूप घातलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पुस्तकं आपटली, वाटेत आडवे उभे राहिले. ती वळसा घालून गेली. आणि चांगली दिसत होती हो ती, हे सरांना सर्वांत लागलं. रंग उजळलेला, चाल हलकी. रात्री डोकं टेकताच तिला झोप लागायची.

चौथ्या दिवशी कपाटावर एक पाकीट सापडलं. आत रुग्णालयाचा कागद. ‘रुग्ण क्रमांक २२१७. श्रवणभ्रम. उपचार पूर्ण. आवाज पूर्णतः बंद.’ त्याला जोडलेला अहवाल सरांनी ओळखला. अक्षर त्यांचंच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते तसेच रुग्णालयात गेले. डॉक्टर नसीम तांबोळी शांत बाई. कुणी रडत आलं तरी त्या आधी फॉर्म पुढे करतात.

“डॉक्टर, तो आवाज माझा होता,” सर म्हणाले.

“कुठला आवाज?”

“बावीसशे सतरा. ती माझी बायको आहे.”

बाईंनी फाईल मागवली, अहवाल वाचला. “पण सर, तुम्हीच लिहिलंय, या आवाजाला देह नाही.”

“मला ठाऊक नव्हतं, कोणाबद्दल लिहितोय ते!”

“ते ठाऊक नसावं म्हणूनच झाकण लावतो आपण.” त्यांनी चष्मा पुसला. “पण मला एक कळत नाही. आवाज बंद केला, तर तुम्ही दिसायला हवेत. डोळ्यांना आम्ही हात लावलेला नाही.”

“दिसत नाही मी तिला.”

“मग त्यांच्या मेंदूत तुमचा तेवढाच भाग असणार,” बाई म्हणाल्या. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, रक्तगट सांगावा तसं.

सर मग म्हणाले, “तो आवाज परत घाला.”

“आवाज परत देता येत नाही. तो आता रोग म्हणून नोंदला गेलाय. रोग परत द्यायला आम्हाला परवानगी नाही. माणूस मात्र परत देता येतो. फेरतपासणीचा अर्ज करा. सहाशे चौदा पानांत कुठेही तुम्ही माणूस म्हणून असाल, नाव असेल किंवा चेहरा असेल, तर पान क्रमांक लिहून द्या. आम्ही तुमचा आवाज त्या माणसाला जोडू. एक पान पुरेल.”

“एकच?”

“एकच. पण सर, विचारते म्हणून रागावू नका. बाईंना काही त्रास होतोय का?”

“नाही. मजेत आहे.”

“मग अर्ज कशासाठी?”

जेवणाचे हाल होतात, असं सांगायचं सरांच्या ओठांवर होतं. ते त्यांनी गिळलं. “घरात मी आहे,” ते म्हणाले, “हे कुणाला तरी कळायला हवं ना.” बाईंनी अर्जाच्या कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ असं लिहिलं.

अशा रीतीने वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी हुपरीकर सर पहिल्यांदा एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला बसले. जेवणाच्या टेबलाशी, बायकोसमोर. ती शेंगा सोलायची आणि हे तिचं डोकं वाचायचे. अकरा दिवस लागले.

नाव सापडण्याची आशा त्यांनी दुसऱ्या दिवशीच सोडली. त्या पिढीतल्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा शिरस्ता. पण तो मेंदूच्या आतपर्यंत पाळला जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं. लग्नातला उखाणा तरी असेल म्हणून त्यांनी ते प्रकरण तीनदा वाचलं. तिथे छापलं होतं, ‘मावशीने पाठ करून घेतला होता तो उखाणा घेतला. सगळ्या हसल्या. पंखा बंद होता.’ पुढे पंख्यावर दीड पान. दीड पान पंख्याला, आणि त्र्यंबकाला एक अक्षर नाही!

आणि ती कादंबरी, काय सांगावं, उत्तम होती. सर मेंदूचे नाही पण वाक्याचे जाणकार होते, त्यांना फसवता आलं नसतं. डाळ निवडण्याचं ते पान, जे त्यांनी परीक्षणाच्या वेळी जांभई देत उलटलं होतं, ते सव्वाशे पानांच्या दुःखाचा शेवट होता. चाळीस वर्षं ज्या लेखकाची ते वाट बघत होते तो त्यांच्या स्वयंपाकघरात होता आणि ते त्याला ‘दार लाव’ म्हणत होते. त्यांना हेवा वाटला. मग राग आला. मग मात्र रडू आलं आणि ते त्यांनी समोर बसलेल्या बायकोपासून लपवायचा प्रयत्न केला. लपवायची काही गरज नव्हती.

तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर माणूस सापडला.

ते प्रकरण सातव्या महिन्यात पोटातच गेलेल्या बाळाचं होतं. तो मुलगा होता, हेही सरांना तिथेच कळलं. त्या आठवड्यात ते परगावी एका चर्चासत्रात ‘कादंबरीतील करुणा’ या विषयावर निबंध वाचत होते. तार आली तेव्हा त्यांनी कॉलेजच्या शिपायाला, केरबा चौगुले यांना, फोन करून सांगितलं होतं, ‘दवाखान्यात जाऊन ये रे जरा.’ एवढंच त्यांना आठवत होतं. कादंबरीत मात्र पुढे लिहिलेलं होतं. ‘कॉलेजातून एक माणूस आला. चपला बाहेर काढून अनवाणी आत आला. त्याच्या टाचेला भेग होती, त्यात चुना भरलेला. त्याने शहाळं आणलं होतं ते माझ्याकडे देईना, हातातच धरून उभा राहिला. मग म्हणाला, वहिनीसाहेब, रडा. हितं कोन न्हाई. आणि माझ्याआधी तोच रडला.’ तो माणूस तीन दिवस व्हरांड्यात बसून होता. त्याचे हात, त्याचा वास, त्याचं हळू बोलणं, सगळं होतं. सहाशे चौदा पानांत एवढा धडधडीत माणूस दुसरा नव्हता.

त्या पानावर त्याचं नाव नव्हतं. नाव तीनशे एक्क्याण्णवाव्या पानावर होतं, घरी निघताना तिने विचारलेलं. ‘केरबा,’ तो म्हणाला होता. त्यानंतर पुढे कुठेच तो नव्हता. नोकरी संपल्यावर केरबा गावी गेले होते. त्यांचं पुढे काय झालं हे सरांनी कधी विचारलं नव्हतं.

सरांनी सहाशे चौदावं पान वाचून संपवलं. त्यांचा आवाज होता, ते स्वतः कुठेच नव्हते. मग त्यांनी अर्ज काढला आणि पान क्रमांकाच्या रकान्यात लिहिलं, ३८८. एकदा तिला ऐकू येऊ लागलं की मग आपण कोण ते सावकाश समजावून सांगता येईल, असा त्यांनी हिशेब केला. बुडत्याला काडीचा आधार, मग ती काडी दुसऱ्याची का असेना.

डॉक्टर तांबोळींनी तेवढं एक पान वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं असावं, कारण बोट ठेवून वाचत होत्या.

“हे तुम्ही?”

“मी.”

“यात अनवाणी लिहिलंय.”

“चपला बाहेर काढल्या होत्या मी.”

“टाचेला भेग?”

“तेव्हा होती.”

“आणि तुम्ही बायकोला ‘वहिनीसाहेब’ म्हणालात?”

सरांनी घसा साफ केला. “थट्टेत. आमच्याकडे अशी पद्धत आहे.”

“बोलीही वेगळी आहे तुमच्यापेक्षा.”

“दुःखात माणूस गावाकडचं बोलतो, डॉक्टर.”

बाईंनी ते फॉर्मवर टिपून घेतलं. मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. “इथे म्हटलंय, माझ्याआधी तोच रडला. तुम्ही रडला होतात, सर?”

खोलीत पंखा फिरत होता. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली रिक्षांची रांग होती. त्या चर्चासत्रातल्या आपल्या निबंधाला टाळ्या किती मिळाल्या होत्या, ते त्यांना स्पष्ट आठवत होतं.

“हो,” ते म्हणाले. “रडलो होतो.”

“पुढच्या पानांत या माणसाबद्दल आणखी काही?”

“काही नाही.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे वाचलं असणारच,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. ‘पान ३८८ वरील इसम तो मीच आहे. ही माहिती खोटी आढळल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन.’ सरांनी सही केली. शिक्का बाईंनी मारला.

हेमलताबाईंना रुग्णालयातून फोन गेला, तपासणीसाठी तीन मंगळवार या म्हणून. त्या गेल्या. पहिल्या मंगळवारनंतर त्या दाराकडे बघून थबकल्यासारख्या झाल्या. दुसऱ्या मंगळवारनंतर त्यांनी चुकून दोन ताटं घेतली आणि एक परत ठेवलं. सरांनी त्या आठवड्यात दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, बोलायची वाक्यं पाठ केली. ‘हेमा, मी तुझी कादंबरी वाचली.’ हे पहिलं वाक्य. ते त्यांनी बारा वेळा खोडून पुन्हा लिहिलं होतं.

तिसऱ्या मंगळवारी दुपारी चारला रिक्षा थांबली. कुलूप निघालं. सर खुर्चीतून उठले.

“आलीस?” ते म्हणाले.

हेमलताबाई उंबऱ्यातच थांबल्या. हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून. असं त्यांच्याकडे या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. बघता बघता बाईंचे डोळे भरून आले, आणि त्या हसल्या.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “केरबा! किती वर्षांनी आलात हो!”

सरांचं पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. ते म्हटलं की सगळं सरळ होणार होतं, किंवा मग ते हसू जाणार होतं. दोन्हींपैकी काय होईल हे त्यांना चांगलं कळत होतं. कादंबरी पूर्ण वाचली होती त्यांनी.

हेमलताबाईंनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“तुमचे सर नाहीत ना आले बरोबर?”



“न्हाईत, वहिनीसाहेब. मी एकलाच हाय.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पदराने पुसली. “बसा. मनातलं बोलायला कुणी नसतं हो या घरात.”

केरबा बसले.